शाळा, आदिवासी संस्कृती आणि भूमीचे शब्द

बोली आणि प्रमाणभाषा यांचा संबंध आपण पाहिला आहे. तुमच्यापैकी काही जण शिक्षक असतील, काहींची मुले शाळेत शिकत असतील. शाळेत आदिवासी संस्कृती शिकवायची म्हणजे नेमके काय शिकवायचे, याचा विचार येथे भाषेच्या अंगाने करू. स्नेहसंमेलनात पाने गुंडाळून केलेला नाच हे त्याचे उत्तर नव्हे. त्या नाचातून वर्गातील भिल्ल मुलाला एवढेच कळते, की आपण इतरांच्या करमणुकीचा विषय आहोत.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील कन्नड तालुका घ्या. (या गावाच्या नावाची कन्नड भाषेशी गल्लत करू नये.) येथून चाळीसगावकडे उतरणारा रस्ता औट्रम घाटातून जातो. जेम्स औट्रम हा ईस्ट इंडिया कंपनीचा लष्करी अधिकारी. खानदेशात भिल्लांची पलटण उभारण्याचे काम 1825 मध्ये त्याच्याकडे आले. भिल्लांच्या बंदोबस्तासाठी त्या सुमारास ज्या तीन एजन्सी स्थापन झाल्या, त्यांपैकी एक कन्नडला होती. पुढे 1986 मध्ये या डोंगरातील जंगल अभयारण्य म्हणून घोषित झाले, तेही 'गौताळा-औट्रमघाट' या नावाने. ज्यांना कह्यात आणले त्यांचे नाव फलकावर नाही, आणणाऱ्याचे आहे. ऑस्ट्रेलियातील उलुरू या खडकालाही 1873 मध्ये एका गोऱ्या मंत्र्यावरून 'एअर्स रॉक' हे नाव दिले गेले. तेथील अनंगू लोकांना ती भूमी 1985 मध्ये परत मिळाली, 1993 पासून मूळ नाव अधिकृतपणे जोडले गेले आणि 2019 मध्ये त्या पवित्र खडकावर चढणे बंद झाले.

परंतु नावांपेक्षा क्रियापदे अधिक बोलकी असतात. मोहाची फुले कोणी तोडत नाही. ती पहाटे आपोआप गळतात आणि मग वेचली जातात. तेंदूची पाने खुडतात. सरपणासाठी वाळलेली काटकी मोडतात. वेचणे, खुडणे, मोडणे, तोडणे, ओरबाडणे : झाडाकडून किती घ्यावे याची मर्यादाच या शब्दांत सांगितलेली आहे. 'पर्यावरण रक्षण' या विषयावरील निबंधात हे शब्द क्वचितच येतात, कारण तो निबंध झाडापाशी बसून लिहिलेला नसतो. हे शब्द ज्या घरात रोज वापरले जातात, त्या घरातील मूल मात्र वर्गात बहुधा मागच्या बाकावर गप्प असते.

त्याच्या गप्प बसण्यामागे भाषेचेही कारण आहे. 2011 च्या जनगणनेत भिली-भिलोडी भाषकांची संख्या एक कोटीहून अधिक होती. तरीही संथाळी आणि बोडो यांच्याप्रमाणे भिलीला आठव्या अनुसूचीत स्थान मिळालेले नाही. प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावे यासाठी घटनेत अनुच्छेद 350क आहे. व्यवहारात भिल्ल मूल पहिलीतच प्रमाण मराठीला सामोरे जाते आणि त्याचा शब्द 'अशुद्ध' ठरतो. वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' हा संग्रह अभ्यासताना ही पार्श्वभूमी लक्षात ठेवावी.

उपक्रम : आपल्या परिसरातील आदिवासी वस्तीतील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीची परवानगी घेऊन तिच्याकडून दहा झाडे, ओढे किंवा टेकड्या यांची नावे आणि त्यांच्याशी जोडलेली क्रियापदे समजून घ्या. उच्चार जसा ऐकला तसाच देवनागरीत लिहा, सुधारू नका. सांगणाऱ्याचे नाव, त्यांची संमती असल्यास, प्रथम लिहा. ही यादी वर्गात वाचायची असेल, तर ती त्या वस्तीतील विद्यार्थ्याला वाचू द्या.