पोरक्या सॉफ्टवेअरचे कारभारी

जें सॉफ्टवेअर वाचण्याची, सुधारण्याची व वाटण्याची सर्वांस मोकळीक असते, त्यास मुक्तस्रोत म्हणतात. त्यांतील कित्येक कामें एखादा मनुष्य फावल्या वेळीं विनावेतन सांभाळतो. तो थकला, कीं चुका तशाच राहतात. १९९३ सालीं स्थापन झालेल्या डेबियन प्रकल्पांत अशा कामास ‘पोरकें’ असेंच म्हणतात व त्याची नोंद उघड्या यादींत करितात. ज्यास तें दत्तक घ्यावयाचें असेल, त्यानें आपला मनोदय प्रथम तेथें जाहीर करावा, अशी रीत आहे.

परंतु स्वाधीन करणाऱ्यानेंही सावध असावें. फाइली आटोपशीर करणाऱ्या एक्सझेड या साधनांत एका परक्यानें दोन वर्षांहून अधिक काळ मदत करून विश्वास संपादिला आणि २०२४ सालीं गुप्तपणें चोरवाट ठेविली. दूरस्थ संगणकांत प्रवेश करितांना सुमारें अर्ध्या सेकंदाचा विलंब आंद्रेस फ्रॉइंड यांच्या ध्यानीं आला, म्हणून ती उघडकीस आली.

तात्पर्य, नवें रचण्याइतकेंच दुसऱ्याचें काम निष्ठेनें चालविणें थोर आहे. आरंभ लहान दुरुस्त्यांनीं करावा, प्रत्येक फेरफार उघड ठेवावा, आणि मूळ कर्त्याचें नांव कधींही पुसूं नये. पालकहो, हें वळण मुलांस घरींच लावावें.