ती वर्कबुकं परत पाठव

सायली, ती वर्कबुकं आधी परत पाठव. ज्या जीटी (गिफ्टेड अँड टॅलेंटेड, म्हणजे हुशार मुलांच्या वर्गांच्या) परीक्षेसाठी मागवलीस, ती न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांत आता होतच नाही. जानेवारी २०२१ मध्ये शहराच्या शिक्षण पॅनेलने तिच्या कंत्राटाला नकार दिला, तेव्हाच ती संपली. पार्कातल्या बायका मात्र अजून त्याच आठवणी उगाळत बसतात आणि तुझ्यासारख्या नव्या आयांची झोप उडवतात.

तेव्हा चार वर्षांचं पोर अनोळखी बाईंचा हात धरून एकटं आत जायचं, आई बाहेर. ओलसॅट नावाच्या भागात प्रश्न एकदाच वाचून दाखवायचे. पोराचं लक्ष खिडकीतल्या खारीकडे असलं, तर गेला तो प्रश्न! एनएनएटी या दुसऱ्या भागात बोलणंच नाही, निळ्या-पिवळ्या आकृत्यांमधला हरवलेला तुकडा शोधायचा. ९० पर्सेंटाइलला जवळपासच्या जीटी वर्गासाठी पात्र, ९७ला शहरभरातल्या पाच खास शाळांसाठी. प्रत्यक्षात त्या पाच शाळांत ९९ वाल्यांनाही जागा पुरत नसत. या टोकाला एखाद-दुसरा प्रश्न चुकला तरी आकडा खाली येतो. शिवाय गुण वयाप्रमाणे ठरायचे. २०१३ साली पिअर्सन कंपनीने वय काढताना वर्षं आणि महिने धरले, वरचे दिवस सोडले, आणि अशा चुकांत अडीच हजारांहून जास्त पात्र मुलं अपात्र ठरली. दिवसांच्या हिशोबावर जी हुशारी ठरते, तिचं इतकं काय मनाला लावून घ्यायचं गं?

आता परीक्षेऐवजी प्री-केच्या, म्हणजे किंडरगार्टनआधीच्या वर्गाच्या, बाई नावं सुचवतात. मूल सरकारी प्री-केत नसेल, तर शिक्षण खात्याची माणसं मुलाखत घेतात. मग पात्र मुलांची लॉटरी. किंडरगार्टनच्या जागा साधारण अडीच हजार. म्हणून सांगते, तुझं काम पुस्तकांशी नाही, बाईंशी आहे. तुझा ईशान घरी मराठीत चुरूचुरू बोलतो, कोडी घालतो, लिफ्टचे आकडे उलटे म्हणतो, आणि वर्गात मात्र गप्प. बाईंना दिसणार काय, तर एक शांत मुलगा. जा, भेट त्यांना. 'फार हुशार आहे हो' असं म्हणू नकोस, ते सगळेच म्हणतात. तो काय विचारतो, कशात तासभर रमतो, ते सांग. आणि कुणी सुचवलं म्हणून घरातली मराठी बंद करून त्याच्याशी मोडकंतोडकं इंग्रजी बोलायला लागलीस, तर माझ्याशी गाठ आहे.

खरीखुरी परीक्षा बघायची असेल तर ती हंटर कॉलेजच्या प्राथमिक शाळेत. तिथे मानसशास्त्रज्ञाकडून पैसे भरून बुद्धिमापन करून घ्यावं लागतं, आणि जागा पन्नासच्या आसपास. हौस असेल तर जा, पण आधी ठरव की निकाल ईशानला कळणार नाही. ज्या मापनाची ही सगळी पिल्लावळ, ते १९०५ मध्ये पॅरिसला बिने आणि सिमाँ यांनी काढलं, तेही शाळेत मागे पडणाऱ्या, जास्तीची मदत लागणाऱ्या मुलांना ओळखायला. पुढे लोकांनी त्याचीच मुलं गाळायची चाळणी केली.

आई विचारत होती, हे पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीसारखंच का? नाही गं. प्रबोधिनीच्या प्रशालेची परीक्षा पाचवीच्या प्रवेशाची. दहा वर्षांच्या मुलाला निदान कळतं तरी की आपली परीक्षा चाललीय. भारतात तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १३ व्या कलमाने शाळाप्रवेशासाठी मुलांची किंवा पालकांची चाळणी करायलाच बंदी आहे. पाळलं किती जातं ते सोड, पण कायदा मला पटतो.

इथे मात्र महापौर बदलला की नियम हलतो. डी ब्लासिओंनी २०२१ मध्ये सगळं गुंडाळायचं जाहीर केलं, अ‍ॅडम्सनी २०२२ मध्ये उलट जागा वाढवल्या, २०२५ च्या प्रचारात ममदानींनी किंडरगार्टनची निवड बंद करायची भाषा केली. तेव्हा माझ्याही शब्दावर विसंबू नकोस, शिक्षण खात्याचं त्या वर्षीचं पान बघूनच अर्ज कर. अ‍ॅडम्सनी तिसरीतल्या प्रवेशाचा रस्ताही रुंद केला होता, तोही अजून आहे का बघ.

आणि फॅमिली ग्रुपवर एक अक्षर टाकू नकोस. नंबर लागला तर पेढे वाटू. नाही लागला, तर काकू विचारणार कशाला, त्यांना माहीतच नसेल ना!