घाण्यामागे पळीभर तेल

पालकहो,

"मार्क कितला पडनात?" हा प्रश्न आपल्या खान्देशात घरोघरी विचारला जातो. माझ्याही घरात विचारला गेला. त्याबद्दल तुम्हाला बोल लावायला मी बसलेलो नाही. शेतीचा भरवसा उरलेला नाही. पोरानं शिकून मार्गी लागावं असं वाटणारच. मला बोलायचं आहे ते दुसऱ्याच गोष्टीवर. शाळेत गणित-विज्ञान नीट शिकवलं जावं म्हणून मोठ्या संस्था अधूनमधून आपल्या दारी येतात, तेव्हा आपण पालक कुठे असतो?

त्या येतात, आणि आजच नव्हे, पूर्वीपासून येतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं 1974 साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केलं. या केंद्राच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक झालं ते आपल्या रावेर तालुक्यातल्या खिरोद्याला. हो, केळीच्या पट्ट्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं खिरोदा. व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी खेड्यातल्या शाळांत विज्ञान कसं शिकवावं हे शोधत इथवर आले. याच केंद्राच्या कामातून पुढे आलेली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. पाठ्यपुस्तकातली मराठी सोपी करून दिली, की तीच मुलं वर्गात जास्त बोलतात आणि त्यांना विज्ञानही जास्त कळतं.

घरी अहिराणी, तावडी नाहीतर लेवा बोलणाऱ्या पोराचं काय होत असेल, बघा. पुस्तकात 'क्षेत्रफळ' आलं की ते गांगरतं. आणि त्याच घरात बाप रोज क्षेत्रफळच मोजत असतो! पाच बाय पाच फुटांवर केळी लावली तर एकरी 1742 खोडं बसतात, हे तुम्ही झोपेतही सांगाल. हा आकडा आला कुठून? गुंठा म्हणजे 33 फूट लांब, 33 फूट रुंद. झाले 1089 चौरस फूट. असे 40 गुंठे म्हणजे एकर, 43,560 चौरस फूट. एका खोडाला 25 चौरस फूट जागा. भागाकार करा, झालं. आता पोराला विचारा, "पाच बाय सहा लावली तर एकरी किती रोपं कमी लागतील?" 290 निघतील. मग टिश्यूच्या रोपाचा आजचा भाव सांगा आणि पैसे किती वाचले, उत्पन्नाचं काय होईल, ते त्यालाच काढू द्या. तेवढा वेळ तुम्ही गप्प बसायचं. हेच खरं अवघड आहे.

सातपुड्यापलीकडे, मध्य प्रदेशात होशंगाबादला 1972 साली 16 शाळांत खिरोद्यासारखाच एक प्रयोग सुरू झाला. दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक खेड्यातल्या शिक्षकांबरोबर बसून पाठ तयार करायचे. काडेपेटी आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून भूमिती शिकवणारे अरविंद गुप्ता त्याच वातावरणात घडले. 30 वर्षं चाललेला तो कार्यक्रम 2002 मध्ये सरकारनं बंद केला. आज पुण्याची आयसर संस्था 'आयराइज' नावाच्या उपक्रमातून राज्यातल्या शिक्षकांना तयार करते. त्यांनी परत येऊन आपल्या जिल्ह्यातल्या इतरांना शिकवायचं, अशी ती साखळी आहे. चांगलीच गोष्ट आहे. पण साखळीचं शेवटचं टोक तुमच्या गावच्या वर्गात असतं, आणि तिथली गत मी शिक्षक म्हणून जवळून पाहिली आहे.

सर आठवडाभर प्रशिक्षणाला गेले की आपणच कुरकुरतो, "सर शाळेत सापडतच नाहीत." परत येऊन त्यांनी पोरांना मैदानात काठीची सावली मोजायला लावली, की आपलाच निरोप जातो, "वह्या कोऱ्या का?" अशा दोन-चार निरोपांनंतर शहाणा माणूस फळ्यावर प्रश्नोत्तरं लिहून देऊ लागतो. प्रयोगाची पेटी कपाटात जाते. पुढे सरांची बदली होते आणि किल्ली कुणाकडे, हेही कुणाला ठाऊक नसतं.

गावानं शाळेला हात देणं आपल्याकडे नवं नाही. चाळीसगावजवळ पाटणादेवीला तुम्ही गेला असाल. तिथल्या पाटण गावच्या शिलालेखाकडे मात्र फार थोडे बघतात. गणिती भास्कराचार्य जन्मले कुठे, यावर वाद घालणारे घालोत. हा लेख सांगतो ते पुरेसं आहे. 1207 साली त्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला. निकुंभ राजांनी दान दिलं. आणि लेखाच्या शेवटी, त्या काळच्या मराठीत, गावानं काय द्यायचं तेही कोरलेलं आहे. बाजारातल्या मालावरच्या कराचा वाटा, आणि गावात जितके घाणे चालतात तितक्यांमागे पळी-पळी तेल. गणिताच्या शाळेला तेल्याच्या घाण्यावरून तेल जात होतं, तेही आठशे वर्षांपूर्वी, आपल्याच जिल्ह्यात.

आज तेल कुणी मागत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या, आणि एकूण समितीत निम्म्या महिलांना. आपण त्या बैठकीला जातो, पोषण आहार आणि कंपाउंडवर बोलतो, सही करून निघतो. पुढच्या बैठकीत प्रयोगाच्या पेटीच्या कपाटाची किल्ली कुणाकडे आहे, एवढं विचारा. सर प्रशिक्षणाहून आले असतील तर त्यांना दहा मिनिटं द्या आणि म्हणा, "सर, काय शिकून आलात ते आम्हालाही करून दाखवा." हळदीचा कागद चुन्याच्या निवळीनं लाल झालेला पाहिला, तर निदान कोऱ्या वहीचा निरोप जाणार नाही.

आणि विद्यापीठ लांब नाही. जळगावला 1990 पासून आहे, आता बहिणाबाईंच्या नावानं. अमळनेर, फैजपूर, चाळीसगाव, धुळे, सगळीकडे विज्ञान महाविद्यालयं आहेत. आठवीच्या मुलांना एक दिवस प्रयोगशाळा दाखवा, महिन्यातून एकदा तुमचे एम.एस्सी.चे विद्यार्थी शाळेत पाठवा, असा अर्ज मुख्याध्यापकांच्या सहीनं द्या. खाली समितीतल्या पालकांच्याही सह्या असू द्या. नुसत्या मुख्याध्यापकांच्या अर्जापेक्षा गावाचा अर्ज जड पडतो. तो दिवाळीनंतर लगेच पाठवा. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या तोंडावर सगळ्याच शाळा तिथे रांग लावून असतात.