पान पिवळे पडले, पण कशाने?

गणपती बसायच्या आधीची गोष्ट. बारामतीकडून इंदापूरकडे नीरा डावा कालवा जातो. त्या कालव्याखाली तात्यांचा दोन एकर ऊस होता. सुरूचा ऊस, सहा महिन्यांचा. कमरेच्या वर गेलेला. एके दिवशी तात्या बांधावर गेले, तो रानाच्या मध्यावर एक ठिगळ पिवळे पडलेले दिसले. बाकीचा ऊस हिरवागार होता.

तात्यांना वाटले, पाणी कमी पडले. त्यांनी मोटार चालू केली आणि रात्रभर पाणी दिले. चार दिवसांनी जाऊन पाहिले. ऊस पिवळाच होता, आणि ठिगळ वाढले होते. मग तात्या गाडी काढून दुकानात गेले. "ऊस पिवळा पडलाय, कायतरी जालीम द्या," म्हणाले. दीड हजार रुपये मोजून बाटली घरी आली.

काकींनी बाटली हातात घेतली. म्हणाल्या, "आवं, हे मारणार कशावर? पानाला कीड न्हाई, भोक न्हाई. बुडाला बघितलं का?"

"बुडाला काय बघायचं? पिवळं वर दिसतंय की."

काकी काही बोलल्या नाहीत. खुरपे घेतले आणि रानात गेल्या. पिवळ्या उसाचे एक बेट त्यांनी दोन्ही हातांनी धरून ओढले. मुळा उपटावा तसे बेट हातात आले! खाली मुळ्या उरल्याच नव्हत्या. खुरप्याने माती उकरली. पांढऱ्या, जाड, मऊ अळ्या निघाल्या. अर्ध्या चंद्रासारख्या वळलेल्या. डोके विटकरी, छातीशी पायांच्या तीन जोड्या. एका बेटाखाली सात मोजल्या.

ही हुमणी. ती मातीत राहते आणि मुळ्या खाते. मुळी तुटली की वर पान पिवळे पडते, मग ऊस वाळतो, वारा आला की लोळतो. तात्यांनी पानावर औषध मारले असते, तर ते हुमणीपर्यंत पोचलेच नसते. पैसे गेले असते, मजुरी गेली असती, आणि रानातले चांगले किडे मात्र मेले असते.

एक खूण ध्यानात ठेवा. पाण्याची ओढ बसलेला ऊस दुपारी मान टाकतो, पाणी दिले की सावरतो. हुमणी लागलेला ऊस पाणी देऊनही सावरत नाही.

बाभळीने आधीच सांगितले होते

खरे म्हणजे तात्यांना ही बातमी दोन महिने आधीच मिळाली होती. त्यांनी ती वाचली नाही, एवढेच.

त्यांच्या बांधावर एक बाभूळ आहे आणि विहिरीपाशी एक कडुनिंब. मे-जूनमध्ये वळवाचा एक चांगला पाऊस झाला. त्यानंतर आठ दिवसांत कडुनिंबाची पाने कडेने कुरतडलेली दिसू लागली. काही पानांच्या नुसत्या शिराच उरल्या. तात्या म्हणाले, "शेळ्यांनी खाल्लं असंल." पण शेळी शेंड्यापर्यंत कशी पोचेल? आणि दिवसभर झाडाखाली बसले तरी एक किडा दिसेना.

दिवसा तो दिसणारच नाही. हुमणीचा भुंगा तांबूस-तपकिरी असतो. तो हिवाळा-उन्हाळा जमिनीतच पडून राहतो. वळवाचा पाऊस मुरला की दिवस मावळल्यावर जमिनीतून वर येतो. कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर बसतो. तिथे पाला खातो, तिथेच नर-मादीची जोडी जमते. पहाटेच्या आत पुन्हा जमिनीत शिरतो. मादी वीतभर खोलीच्या आत अंडी घालते. अंड्यातून बारीक अळी निघते. ती आधी कुजलेला पाला आणि कोवळ्या मुळ्या खाते. श्रावण-भाद्रपदात ती मोठी आणि खादाड होते. तेव्हा कुठे आपल्याला ऊस पिवळा दिसतो. दिवाळीच्या मागेपुढे तिचा कोष होतो, कोषातून भुंगा होतो, आणि तो पुढच्या वळवाची वाट बघत मातीत बसतो. वर्षाला एकच पिढी. म्हणून जूनमध्ये मारलेली एक मादी म्हणजे ऑगस्टमधल्या कितीतरी अळ्या कमी.

मोठी झालेली अळी मारणे अवघड असते. तात्यांच्या हातात त्या वर्षी थोडेच उरले होते. पिवळ्या बेटांखालच्या अळ्या वेचल्या. मेटॅरायझियम नावाची एक बुरशी मिळते, ती अळीच्या अंगावर वाढते आणि अळीला मारते. ती चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, जमीन ओली असताना मुळाशी दिली. तरी त्या ठिगळातला निम्मा ऊस गेलाच. ते लपवून काय करायचे?

उकिरड्यातही पांढऱ्या अळ्या सापडतात. त्यातली प्रत्येक अळी उसाची हुमणी नसते. पण कच्चे शेणखत रानात टाकू नये, हे मात्र खरे.

पिवळे सगळे हुमणीचे नसते

आता कुणी म्हणेल, पिवळे पान दिसले की हुमणी धरून चालावे. तसेही नाही. म्हणून आधी रान बघा, मग रोप बघा, मग पान बघा.

लागणीपासून पहिल्या तीन-चार महिन्यांत कोंबाचा मधला पोंगा वाळला असेल, तर तो चिमटीत धरून ओढा. सहज निघाला आणि त्याच्या बुडाला घाण वास आला, तर ती खोडकीड. कोंब चिरून पाहा. आतल्या अळीच्या पाठीवर जांभळट रंगाच्या पाच रेघा दिसतील.

कोवळी, वरची पाने पिवळी-पांढरट पडली आणि शिरा मात्र हिरव्या राहिल्या, तर कीड शोधत बसू नका. ती लोहाची कमतरता. चुनखडीच्या रानात हे फार दिसते. त्याला हिराकस लागते, विष नव्हे. उलट आधी खालची, जुनी पाने पिवळी पडत असतील, तर नत्र कमी पडले असेल.

आणि सखल भागात ऊस विरळ उगवला, पानांचे शेंडे आणि कडा करपल्या, मातीवर पांढरी पापडी आली, तर तो क्षार. हे दुखणे आपल्या भागाला नवे नाही. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला. पाणी आले, ऊस आला, आणि पंचवीस वर्षांच्या आत खारवट जमिनीही आल्या. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरल्ड मान यांनी सहकाऱ्यासह नीरा खोऱ्यातल्या या खारवट जमिनींचा अभ्यास केला. तो १९१० साली छापून निघाला. म्हणजे आपल्या पणज्याच्या वेळचे हे दुखणे. जास्त पाणी मुरते, खालचे पाणी वर चढते, आपल्याबरोबर क्षार वर आणते. पाणी उडून जाते, क्षार राहतो. अशा रानात पिवळे पान पाहून आणखी पाणी देणे म्हणजे आगीत तेल ओतणे. तिथे चर काढून पाण्याला वाट द्यावी लागते. चोपण जमिनीत जिप्समही घालतात, पण माती तपासून घेतल्याशिवाय नाही.

रान कसे बघायचे? बांधावर उभे राहून पिवळ्याचा आकार बघा. हुमणी आणि क्षार ठिगळाठिगळांनी दिसतात. खोडकीड रानभर इकडेतिकडे विखुरलेली दिसते. आणि नुकसान सरळ रेषेत असेल, सरीच्या सरी, किंवा फवारा मारणारा जिथे थांबला तिथेच संपलेले, तर ते बहुधा माणसाच्या हाताने झालेले असते. निसर्ग दोरी लावून नुकसान करीत नाही. ठिबकची नळी तुंबली असेल, खत एका ओळीत जास्त पडले असेल.

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. उसातल्या रुंद पानाच्या तणावर टू-फोर-डी मारले. पंप नुसता हिसळला आणि दुसऱ्या दिवशी त्यातूनच टोमॅटोवर औषध मारले. आठवड्यात टोमॅटोची पाने दोऱ्यासारखी बारीक होऊन पिळवटली. सगळे म्हणाले, रोग आला. मीही म्हणालो. पंपाची आठवण झाली ती तिसरी फवारणी झाल्यावर! द्राक्षबागेजवळच्या उसात हे तणनाशक मारताना तर फारच जपावे. वाऱ्याने गेलेले थोडेसे शिंतोडेही द्राक्षाच्या पानाचा पंखा करतात. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवावा.

किडा दिसला म्हणजे वैरी नव्हे

२००२ साली पश्चिम महाराष्ट्रातल्या उसावर लोकरी मावा आला. पानाच्या मागे पांढरी लोकर चिकटलेली, पान चिकट, आणि त्या चिकट्यावर काळी बुरशी. लोक घाबरले. जो तो फवारू लागला. पण उभ्या उसात माणूस शिरत नाही, तिथे औषध कुठून पोचणार? पुढे दिसून आले की डिफा आणि मायक्रोमस नावाच्या दोन किडींच्या अळ्या हा मावा खाऊन टाकतात. मग या मित्रकिडी असलेली पाने एका रानातून काढून दुसऱ्या रानात नेऊन लावू लागले. जिथे विष मारले नव्हते, तिथे त्या जगल्या आणि त्यांनी काम केले. म्हणून लोकर दिसली तर आधी त्या लोकरीत कोण चरते आहे, ते बघा.

मक्यावरची लष्करी अळी अलीकडची. मूळची अमेरिकेकडची, भारतात २०१८ मध्ये आली. गुरांसाठी मका करणाऱ्यांनी ती ओळखायला शिकलेच पाहिजे. आधी पानावर पातळ कागदासारखे पांढरे चट्टे पडतात. मग पोंग्यात भुसा सांडल्यासारखी विष्ठा दिसते. अळीच्या डोक्यावर उलटा इंग्रजी वाय असतो, म्हणजे एक उभी रेघ आणि तिला दोन फाटे. शेपटीजवळ चार काळे ठिपके चौकोनात असतात. इवली असतानाच सापडली तर आटोक्यात येते. पोंग्यात खोल गेली की अवघड.

इंदापूर तालुक्यात डाळिंबाच्या बागा पुष्कळ. तिथे फळावर डाग दिसला की धस्स होते. कारण तेल्या रोगाने कितीतरी बागा तोडाव्या लागल्या आहेत. पण प्रत्येक डाग तेल्याचा नसतो. पान तोडून उजेडासमोर धरा. काळपट ठिपक्याभोवती पाण्यात भिजल्यासारखी तेलकट कडा दिसली, तर संशय घ्या. फळावर तेल्याचे काळे डाग असतात आणि डागावर चांदणीसारख्या चिरा पडतात. उन्हाचा चट्टा मात्र फळाच्या एकाच बाजूला, उन्हाच्या बाजूला पडतो. तो तपकिरी असतो, आणि पानांवर ठिपके नसतात. उन्हाच्या चट्ट्याला सावली पाहिजे, औषध नव्हे. तेल्या हा जिवाणूंचा रोग आहे. किडीचे औषध मारून तो हलत नाही. रोगट रोपातून, पावसाच्या थेंबांतून आणि छाटणीच्या कात्रीतून तो पसरतो. एका झाडाची छाटणी झाली की कात्री जंतुनाशकात बुडवा, मग पुढच्या झाडाला लावा.

वही आणि बाटली

आता तुम्हाला अक्षर आले आहे. त्याचा इथे उपयोग करा. एक वही शेताची ठेवा. काकींच्या वहीतले एक पान असे आहे:

"१२ जून. वळवाचा पाऊस झाला. निंबाची पानं खाल्ली.
२० ऑगस्ट. मधला ऊस पिवळा. पाणी दिलं. फरक न्हाई.
२४ ऑगस्ट. बेट उपटलं. सात अळ्या."

तीन ओळींत सगळा रोग सापडतो की नाही?

बाटली विकत घेण्यापूर्वी तिच्यावरचे वाचा. कोणत्या पिकासाठी, कोणत्या किडीसाठी, किती पाण्यात, आणि काढणीच्या किती दिवस आधी थांबायचे, हे त्यावर लिहिलेले असते. एका चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. तांबडा म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्या मानाने सौम्य. हिरवा म्हणजे पिण्याचे पाणी नव्हे! बाटलीवर तुमच्या पिकाचे नाव नसेल, तर ती परत द्या.

ओळख पटत नसेल तर रोप घेऊन जा. नुसते पान नेऊ नका, मुळासकट आणि मातीसकट न्या. शेजारचे एक निरोगी रोपही न्या, म्हणजे ताडून पाहता येते. कागदात गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ते घामेजते आणि कुजते. बारामतीला शारदानगरमध्ये कृषी विज्ञान केंद्र आहे. उसासाठी नीरेपलीकडे फलटण तालुक्यात पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून आहे. कारखान्याच्या शेतकी माणसालाही दाखवा. जाताना वही बरोबर असू द्या.

तात्यांनी ती दीड हजारांची बाटली दुसऱ्या दिवशी परत नेली. दुकानदाराने कुरकुर केली, पण सील फोडलेले नव्हते, म्हणून घेतली. ऊस गेल्यावर त्यांनी रान खोल नांगरले. नांगरामागे बगळे आणि कावळे उतरले.

पुढच्या मे महिन्यात पहिला वळीव झाला. त्या रात्री आठ वाजता काकी बॅटरी घेऊन बाभळीखाली उभ्या होत्या. तात्यांनी आकडीने फांदी गदागदा हलवली. खाली अंथरलेल्या पोत्यावर टपटप भुंगे पडले. थोरल्या मुलाने ते गोळा करून रॉकेल घातलेल्या पाण्याच्या बादलीत टाकले. मग शेजारचे दोघे कंदील घेऊन आले, कारण भुंगा बांध ओळखत नाही. सगळे मिळून विहिरीपाशी कडुनिंबाखाली गेले.