स्पष्ट बोलणे व थोडे मित्र

नांदेड व लातूरकडील खेड्यांत ज्याच्यापाशी एकच बैल, तो दुसऱ्या एकबैल्याशी सावड करून पेरणी उरकतो. परंतु ज्याने चारचौघांत शेजाऱ्याची दारू किंवा कर्ज काढले, त्याच्याशी मृगात सावड कोण करील? मित्र थोडे असणे म्हणजे खेड्यात रान पडीक राहणे होय.

गोपाळ गणेश आगरकर यांचे चरित्र पाहा. 1882 साली ते व बाळ गंगाधर टिळक डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस एकत्र होते. याहून निकट स्नेह तो कोणता? तरी समाजसुधारणेवरून त्यांचे बिनसले. आगरकरांनी 1887 साली ‘केसरी’ सोडला व 1888 साली ‘सुधारक’ काढला. बालविवाह व विधवांचे केशवपन यांवर त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिले. तेव्हा पुण्यात लोकांनी त्यांच्या जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली! 1895 साली, चाळिशीही न गाठता, ते वारले. आपल्या अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी वेगळे बांधून ठेवले होते, असे सांगतात.

आम्ही आगरकरांस दोष देत नाही. हजारो मुलींचा छळ करणाऱ्या रूढीविषयी कोपऱ्यात कुजबुजून काय होणार? शिवाय किंमत त्यांनी स्वतः भरली. आमच्यातील पुष्कळांचे स्पष्ट बोलणे (खरे पाहता तो रागच असतो) निराळे. उपासना सुटताच एका माणसाचा दोष सर्वांदेखत उच्चारावयाचा, आणि मान खाली घालावयाची त्याच्या बायकोने व लेकरांनी!

नांदेडचे प्राचार्य नरहर कुरुंदकर (मृत्यू 1982) हेही भीडमुर्वत न ठेवणारे. परंतु रणजित देसाई यांस शिवचरित्राविषयी मत कळवताना त्यांनी दीर्घ पत्र लिहून रूढ समजुती एकेक तपासल्या. ते पत्रच ‘श्रीमान योगी’ची प्रस्तावना झाले. कठोर मतामागे इतके श्रम दिसले म्हणजे ऐकणारा सहसा तुटत नाही.

नाथान दावीदाकडे गेला तो स्वतः गेला, आणि प्रथम कोकराची गोष्ट बोलला. उपदेशक बंधूंनो, तुम्हीही दिवेलागणीस त्या घरी जा. ओसरीवर बसा, त्याच्या आजारी गुराची विचारपूस करा, मग जे बोलावयाचे ते न लपवता बोला. तो रागावेल, कदाचित वर्षभर अबोलाही धरील. तरी वापसा होताच आपला बैल घेऊन, न बोलावता, त्याच्या बांधावर उभे राहा.