कँडी नगरातील रीतिरिवाज : यात्रेकरूंसाठी एक पाठ

आपले माजी विद्यार्थी व त्यांचे कुटुंबीय बोधगया-सारनाथचे दर्शन घेतल्यावर श्रीलंकेच्या धम्मयात्रेचा विचार करतात, तेव्हा कँडी हे नगर बहुधा त्यांच्या वाटेवर असते. परक्या नगरात पाऊल ठेवण्यापूर्वी तेथील रीत जाणून घेणे हे पाहुण्याचे पहिले कर्तव्य होय.

कँडीतील श्री दळदा मालिगावा म्हणजे दंतधातूचा विहार. तेथे जाताना पादत्राणे व टोपी काढावी. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. स्थानिक उपासक पांढरी वस्त्रे नेसतात, आपणही तशीच नेसावीत. पूजा पहाटे, दुपारपूर्वी व सायंकाळी होते. त्या वेळी दंतधातू प्रत्यक्ष दिसत नाही, तो ज्यात ठेवला आहे तो करंडक दिसतो. अर्पण करावयाची फुले हुंगू नयेत. बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढून घेणे हा तेथे अवमान समजला जातो. अंगावर बुद्धप्रतिमा गोंदलेली असल्यास ती झाकावी. अशा गोंदणामुळे २०१४ साली एका ब्रिटिश प्रवासी महिलेस देशाबाहेर पाठविण्यात आले. पुढे २०१७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तिला भरपाई देवविली.

नगरात कोणी भेटल्यास हात जोडून 'आयुबोवन' म्हणावे. दीर्घायुषी व्हा, असा त्याचा अर्थ आहे. भिक्खूंना वस्तू दोन्ही हातांनी द्यावी, स्त्रियांनी त्यांना स्पर्श टाळावा. बसमधील पुढची आसने भिक्खूंसाठी राखीव असतात, ती सोडावीत. मान्यवरांना विड्याच्या पानांची जुडी देतात. विड्याचा मान जाणणाऱ्या आपल्या माणसांना ही रीत परकी वाटणार नाही. पौर्णिमेला तेथे 'पोया' म्हणतात. त्या दिवशी सार्वजनिक सुटी असते व मद्यविक्री बंद असते.

हे नियम आपण का पाळावेत, हा प्रश्न आपल्या मुलांनी विचारला पाहिजे. कारण रिवाजाच्या नावाखाली काय घडू शकते, हे आपल्याच जिल्ह्याने पाहिले आहे. १९०१ साली बालवयातील भीमराव व त्यांच्यासोबतची मुले साताऱ्याहून निघून मसूर स्थानकावर उतरली. खटाव तालुक्यातील गोरेगावी नोकरीस असलेल्या वडिलांकडे त्यांना जावयाचे होते. कपडे नीटनेटके होते, बोलणे नम्र होते. तरी जात कळताच कोणी गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. अखेर दुप्पट भाडे देऊन मुलांनी बैलगाडी स्वतः हाकली आणि गाडीवान पायी चालू लागला. जवळ अन्न होते, पण वाटेत कोणी पाणी दिले नाही म्हणून ती उपाशीच झोपली.

कँडीच्या विहारात राजदूत असो वा शेतमजूर, पादत्राणे दोघेही काढतात. हा शिष्टाचार होय. मसूरच्या वाटेवरचा रिवाज माणसाकडून काही मागत नव्हता. तो माणसालाच नाकारीत होता. असा भेद श्रीलंकेतही आहे, हे यात्रेकरूने जाणून असावे. दंतधातूची व्यवस्था पाहणाऱ्या सियाम निकायात परंपरेने गोविगम जातीच्या पुरुषांनाच उपसंपदा दिली जाते. ती नाकारली गेलेल्यांनी ब्रह्मदेशातील अमरपूर येथे जाऊन उपसंपदा घेतली आणि त्यातून अमरपूर निकाय उभा राहिला.

मे १९५० मध्ये बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेच्या निमित्ताने श्रीलंकेस गेले. बौद्ध विधी कसे होतात आणि लोकांच्या जीवनात धम्म किती जिवंत आहे, हे त्यांना स्वतः पाहावयाचे होते. त्यांनी आदराने पाहिले, पण डोळे मिटून नव्हे. सातारा-सांगलीतून निघणाऱ्या आपल्या यात्रेकरूंनीही तसेच जावे. जो नियम सर्वांना सारखा लागू आहे तो मनापासून पाळावा. जो कोणाला उंबऱ्याबाहेर ठेवतो त्याविषयी नम्रपणे प्रश्न विचारावा. आपल्या विद्यार्थ्यांना ही दोन्ही वळणे लावण्याची जबाबदारी शाळेची आहे, तितकीच पालकांची आणि आपल्या समाजाचीही आहे, असे आम्हास वाटते.