तरुणांच्या लोकप्रिय कादंबऱ्या : एक वाचनपाठ

वसतिगृहात राहणाऱ्या मुलामुलींच्या उशाखाली कोणते पुस्तक सापडते, यावरून त्या पिढीची भूक कळते. गेली जवळपास वीस वर्षे तेथे बहुधा चेतन भगत यांची कादंबरी सापडत आली आहे, कधी मुळातून, कधी अनुवादातून. यावर वडीलधाऱ्यांच्या दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. एक, 'असले काही वाचण्यापेक्षा अभ्यास कर.' दुसरी, 'निदान काहीतरी वाचतो आहे ना!' पहिलीत मुलावर अविश्वास आहे आणि दुसरीत पुस्तकाविषयी बेफिकिरी आहे. प्रस्तुत लेखात तिसरा मार्ग सुचवावयाचा आहे. ही पुस्तके मुलांच्या हातून काढून घेऊ नयेत. ती त्यांच्यासोबत वाचावीत आणि इतिहासाच्या साधनाला विचारतो तसे काही प्रश्न त्यांना विचारावेत.

या कादंबऱ्यांचे श्रेय प्रथम मान्य केले पाहिजे. 'फाइव्ह पॉइंट समवन' २००४ साली प्रसिद्ध झाली. सोपी वाक्ये, ओळखीचे प्रसंग आणि परवडणारी किंमत यांमुळे, ज्यांच्या घरात इंग्रजी पुस्तक कधी आलेच नव्हते अशा मुलांनीही आयुष्यातील पहिली इंग्रजी कादंबरी म्हणून ती वाचली. प्रवेशपरीक्षेचे दडपण, गुणांवरून ठरणारी माणसाची किंमत, इंग्रजी न आल्याची लाज, हे विषय या पुस्तकांनी घराघरात बोलायला लावले. हे काम लहान नव्हे.

एखादे पुस्तक तरुणाच्या हाती योग्य वेळी पडले तर काय होऊ शकते, हे आपल्या समाजाला सांगावयास नको. १९०७ साली भीमराव मॅट्रिक उत्तीर्ण झाले, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. येथे पुस्तकाइतकेच महत्त्व ते देणाऱ्या माणसाला आहे. गुरुजी त्या विद्यार्थ्याला ओळखत होते, त्याच्या पुढील शिक्षणाची चिंता वाहत होते. आज पुस्तक मुलाच्या हाती आपोआप पडते. सोबत गुरुजी मात्र असतीलच असे नाही. ती जागा आपण भरावयाची आहे.

पहिला प्रश्न : पैसा कोठून येतो?

इतिहासाचा विद्यार्थी कोणत्याही काळाकडे पाहताना आधी उत्पन्नाचे साधन विचारतो. कादंबरीलाही हाच प्रश्न विचारावा. 'रेव्होल्यूशन २०२०' (२०११) ही वाराणसीतील गोपाल मिश्रा या मुलाची कथा. घरची ओढाताण आहे, वडील आजारी आहेत, कर्ज काढून तो कोट्याला शिकवणीसाठी जातो आणि प्रवेशपरीक्षेत अपयशी ठरतो. येथवर आपली मुले त्याच्यात स्वतःला पाहतात. परंतु पुढे हाच गोपाल अभियांत्रिकी महाविद्यालयाचा चालक होतो. कसा? भ्रष्ट आमदाराच्या साहाय्याने, हे सर्वांच्या लक्षात येते. पण त्या आमदाराला गोपालची गरज का वाटली? कारण गोपालच्या घराण्याची, भावकीच्या वादात अडकलेली का होईना, जमीन होती. कादंबरी भ्रष्टाचाराविषयी बोलते, पण कथेचा सांधा त्या जमिनीवर फिरतो. ज्या मुलाच्या आजोबांच्या नावावर सातबाराच नव्हता, त्याच्या वाट्याला भ्रष्ट होण्याची ही संधीदेखील आली नसती! गरिबी आणि भूमिहीनता या एकच गोष्टी नव्हेत, हे मुलाला समजावून देण्यास यापेक्षा सोपे उदाहरण मिळणे कठीण.

दुसरा प्रश्न : पडल्यावर कोण उचलते?

'फाइव्ह पॉइंट समवन'मध्ये दिल्लीच्या आयआयटीतील हरी, रायन आणि आलोक हे तीन मित्र प्रश्नपत्रिका चोरताना पकडले जातात. आलोक इमारतीवरून उडी मारतो, पण वाचतो. एक सहृदय प्राध्यापक मध्यस्थी करतात, शिक्षण पुरे होते आणि शेवट गोड होतो. तरुणाला दुसरी संधी मिळालीच पाहिजे, हा कादंबरीचा आशय मोलाचा आहे. आलोकचे घर खरोखर गरीब आहे, वडील अंथरुणाला खिळलेले आहेत, हेही खरे. तरीही विचारावे, त्या तिघांसाठी जो शब्द टाकला गेला, तो सर्वांसाठी टाकला जातो काय?

आयआयटीमध्ये १९७३ पासून अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा आहेत. म्हणजे कादंबरीच्या काळात त्या वसतिगृहांत आपली मुले राहत होती, त्याच खाणावळीत जेवत होती. परंतु या मित्रमंडळात त्यांपैकी कोणी नाही. 'रँक किती आली?' या साध्या वाटणाऱ्या प्रश्नातून जात काढून घेण्याची रीत उच्च शिक्षणसंस्थांत शिकलेल्या आपल्या अनेक माजी विद्यार्थ्यांना अनुभवाने ठाऊक असेल. कादंबरी जेथे थांबते तेथे दुसरे साधन हाती घ्यावे लागते. दिल्लीच्या 'एम्स'मधील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीची चौकशी करणाऱ्या डॉ. सुखदेव थोरात समितीचा २००७ चा अहवाल असे एक साधन आहे. वसतिगृहातील वेगळे पाडणे, अध्यापकांचा दुरावा यांची नोंद त्यात आहे. जानेवारी २०१६ मध्ये रोहित वेमुला आणि मे २०१९ मध्ये डॉ. पायल तडवी यांना आपण गमावले. त्यांच्या कथेत वेळेवर मध्यस्थी करणारे कोणी आले नाही. म्हणूनच या प्रश्नाला वाङ्मयीन चर्चेपलीकडचे मोल आहे.

तिसरा प्रश्न : प्रेमाच्या वाटेत नेमके काय आडवे येते?

'टू स्टेट्स' (२००९) मध्ये पंजाबी क्रिश आणि तमिळ ब्राह्मण अनन्या अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेत भेटतात. दोन्ही घरचा विरोध युक्तीने, सोशिकतेने आणि विनोदाने मावळतो. वाचताना हसू येते. पण येथे अडथळा आहे तो भाषेचा, खाण्यापिण्याचा, रीतिरिवाजांचा; अस्पृश्यतेच्या रेषेला कथा स्पर्शही करीत नाही. आई-वडिलांची समजूत घातली की प्रश्न सुटतो, असे तरुण वाचकाच्या मनावर ठसते.

बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातिप्रथेचे विध्वंसन' या न झालेल्या भाषणात आंतरजातीय विवाह हा जात मोडण्याचा खरा उपाय मानला. परंतु त्याच वेळी लोक असे विवाह का करीत नाहीत, याचे मूळ त्यांनी शास्त्रांच्या पावित्र्यावरील श्रद्धेत दाखविले. अडथळा माणसांच्या हट्टात नसून त्या हट्टाला पावित्र्य देणाऱ्या व्यवस्थेत आहे, हा तो विचार. 'टू स्टेट्स' वाचल्यावर हे भाषण वाचावयास द्यावे. आणि 'सैराट' (२०१६) तर आपल्या मुलांनी पाहिलेलाच असतो. आर्ची आणि परश्या यांचे प्रेम क्रिश-अनन्यापेक्षा कमी का होते? मग शेवट निराळा का झाला? उत्तर मुलांनाच शोधू द्यावे.

चौथा प्रश्न : भाषेची लाज कोणाच्या वाट्याला?

'हाफ गर्लफ्रेंड' (२०१४) मधील बिहारचा माधव झा दिल्लीच्या नामांकित महाविद्यालयात अडखळत इंग्रजी बोलतो आणि हसण्यावारी नेला जातो. मराठी माध्यमातून शहरात गेलेल्या प्रत्येकाला हे दुखणे आपले वाटेल. लेखकाने ते सहानुभूतीने मांडले आहे. तथापि माधव हा एका जुन्या राजघराण्यातील आहे, त्याची आई गावात शाळा चालवते आणि लोक तिला राणीसाहेब म्हणतात. शहरात त्याची जीभ अडखळते. गावी परतल्यावर त्याला मान आहे. आपल्या विद्यार्थ्याला शहरात भाषेवरून आणि गावात जातीवरून, अशी दुहेरी नोंद सोसावी लागते. माधवचे दुःख खोटे नव्हे. ते अर्धे आहे, इतकेच मुलाला दिसले पाहिजे.

पाचवा प्रश्न : आपण आहोत, पण कोणाच्या नजरेतून?

लोकप्रिय कादंबरीत आपला माणूस आला की काम झाले, असेही नाही. मनू जोसेफ यांच्या 'सीरियस मेन' (२०१०) या कादंबरीचा नायक अय्यन मणी हा वरळीच्या बीडीडी चाळीत राहणारा दलित कारकून आहे. एका विज्ञानसंस्थेत तो ब्राह्मण शास्त्रज्ञांच्या हाताखाली राबतो आणि आपला लहान मुलगा आदी हा विलक्षण बुद्धिमान आहे, असा बनाव रचतो. कादंबरी धारदार आहे. विज्ञानसंस्थेतील जातीचे दर्शन ती निर्भीडपणे घडविते. परंतु त्या मुलाच्या पुढे जाण्याचा एकमेव मार्ग म्हणजे बापाची लबाडी, असे चित्र मनात राहते. आपल्याला ठाऊक असलेल्या बीडीडी चाळींचा इतिहास निराळाही आहे. तेथे दिव्याखाली अभ्यास करून शिकलेली पिढी आहे, जयंतीचे मंडप आहेत, १९७४ च्या वरळी दंगलीत उभे राहिलेले तरुण आहेत. एका अय्यनमध्ये ते सर्व मावावे, अशी अपेक्षा रास्त नव्हे. मात्र वाचकाने ते विसरू नये, ही अपेक्षा रास्त आहे.

हे प्रश्न मराठीला नवे नाहीत. १९६३ साली भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' आली आणि त्याच वर्षी बाबुराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला. 'कोसला'तील पांडुरंग सांगवीकर पुण्यात शिकावयास जातो, अपयशी होतो आणि गावी परततो. परतण्यासाठी त्याला घर आणि शेत आहे. बागुलांचा नायक रेल्वेत नोकरीस लागलेला आहे, स्वाभिमानी आहे, पण डोके टेकण्यास खोली मिळावी म्हणून त्याला जात लपवावी लागते. एकाच वर्षाचे दोन तरुण! ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचली, तर कोणतेही एकच पुस्तक 'तरुणांचे' पुस्तक नसते, हे आपोआप ध्यानात येते.

आता पालकांसाठी आणि माजी विद्यार्थ्यांसाठी एक छोटा स्वाध्याय. घरातील मुलाने अशी कादंबरी वाचून संपविली की त्याला परीक्षा घेतल्यासारखे प्रश्न विचारू नयेत. इतकेच सुचवावे : 'हरी, रायन आणि आलोक यांच्या खोलीत चौथी खाट टाक. त्या खाटेवर आपल्या शाळेतून गेलेला मुलगा झोपतो. त्याच्याविषयी दोन पाने लिही.' त्याची शिष्यवृत्ती महिनाभर उशिरा आली तर खाणावळीचे पैसे कोण भरील? रँक विचारल्यावर तो काय उत्तर देईल? नापास झाल्यावर तो प्रथम कोणाला फोन करील? मुलींनी अनन्याच्या किंवा आरतीच्या शेजारची खाट घ्यावी. त्यांचे प्रश्न आणखी निराळे निघतील. मूळ कादंबरीतील मजा यामुळे उणी होत नाही. मूल तीच कथा पुन्हा वाचते, पण या वेळी पाहुण्यासारखे वाचत नाही.

यात खरे काय पणाला लागले आहे, ते स्पष्ट सांगितले पाहिजे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला एकामागून एक पुस्तकांत स्वतःचे घर, स्वतःचे आडनाव, स्वतःची आई दिसली नाही, तर तो दोनपैकी एक निष्कर्ष काढतो. पुस्तकात उणीव आहे, हा एक. आपल्यातच काही उणीव आहे, हा दुसरा. पहिला निष्कर्ष काढणारा उद्या लेखक, संशोधक, निदान सजग वाचक होतो. दुसरा काढणारा मुलगा गुणवान असूनही वर्गात मागच्या बाकावर सरकत जातो. या दोन निष्कर्षांमध्ये पुष्कळदा एका वडीलधाऱ्या माणसाचे संभाषण एवढेच अंतर असते.

या शाळेतून बाहेर पडलेल्या प्रत्येकाला विनंती आहे. पुढील भेटीत वसतिगृहाच्या ग्रंथालयासाठी पुस्तके जरूर आणावीत, लोकप्रिय कादंबऱ्यादेखील आणाव्यात. मात्र पुस्तक देऊन लगेच गाडी पकडू नये. तासभर थांबावे, ज्याच्या हाती पुस्तक दिले त्याच्या शेजारी बसावे आणि तुमच्या चौथ्या खाटेवर काय घडले, ते त्याला सांगावे. छापील कादंबरीत नसलेले ते प्रकरण तुमच्याकडेच आहे.

जय भीम.